वाचकांचे प्रश्न : शाळेचा कला विभाग आणि परिसराची साथ

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत. माध्यमिक शाळेचा कला विभाग परिसरातल्या संस्था, कारागीर, व्यावसायिक यांच्याशी जोडायचा कसा, आणि जोडलेला टिकवायचा कसा? त्यातले आठ प्रश्न निवडले आहेत. काही प्रश्नांना सविस्तर उत्तर लागतं, काहींना चार ओळी पुरतात.

प्रश्न : माझ्याकडे आठवी ते दहावीचे सहा वर्ग, एकूण २४० मुलं आणि एकच कलाकक्ष आहे. गेल्या सत्रात परिसरातल्या २५ संस्थांना आणि व्यावसायिकांना सहकार्याची विनंती करणारी पत्रं पाठवली. तिघांनी 'कळवतो' म्हटलं, बाकीच्यांकडून काहीच नाही. सुरुवात कुठून करावी? – एक कलाशिक्षिका

उत्तर : ताई, पत्रं अडली ती 'सहकार्य' या शब्दापाशी. 'आपण सहकार्य करावे ही विनंती' असं वाचलं की समोरचा एवढंच समजतो की पैसे हवे आहेत, पण किती ते लिहिलेलं नाही. हो म्हणावं तर कशाला हो म्हणतोय ते कळत नाही, नाही म्हणावं तर शाळेला नाही कसं म्हणायचं. मग पत्र बाजूला पडतं.

आधी विभागाच्या गरजा कामाच्या भाषेत लिहून काढा. 'साहित्य कमी पडतं' ही तक्रार झाली. 'नववीच्या ४० मुलांना ठसेकामासाठी वहीच्या पानाएवढे लिनोलियमचे तुकडे हवेत, प्रत्येकी एक आणि वाया जाणारे धरून ४४, पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत' ही मागणी झाली. यादीचे चार भाग करा : वस्तू, जागा, हातातलं कसब आणि प्रेक्षक. शाळा बहुधा पहिल्याच भागासाठी हात पसरतात. खरं तर वाचनालयाची रिकामी भिंत, सुताराचे दोन तास किंवा नाट्यसंस्थेची दुपारी बंद असलेली तालमीची खोली देणं लोकांना पैसे देण्यापेक्षा सोपं जातं.

दुसरी यादी शाळा काय देऊ शकते याची. ती हातात नसेल तर कुणाच्या दारात जाऊच नका. चौदा-पंधरा वर्षांची मुलं बरंच काही नीट करू शकतात : वाचनालयाच्या बालविभागासाठी दिशाफलक, हौशी नाटकाचं नेपथ्य, जुन्या इमारतींची मोजमापासह रेखाटनं, वृद्धांच्या आठवणी ऐकून काढलेली चित्रमालिका. देणगी आणि भागीदारी यांतला फरक या यादीनेच पडतो.

मग नकाशा काढा, आणि तो मुलांकडूनच काढून घ्या. शाळेपासून चालत २० मिनिटांच्या आतली ठिकाणं पुरेत. त्यापलीकडे गेलात की गाडी लागते, गाडीला परवानगी आणि खर्च लागतो, आणि भेट रद्द होण्याचं पहिलं कारण तिथेच तयार होतं. चार-चार मुलांचे गट चार दिशांना पाठवा, सोबत मोठं माणूस द्या. प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी टिपायच्या : इथे काय बनतं किंवा चालतं, निर्णय कोण घेतं, त्यांना निवांत वेळ केव्हा असतो. तिसरी नोंद सगळ्यांत मोलाची. गर्दीच्या तासाला गेलेला माणूस दारातूनच परत येतो.

नकाशावरची तीन ठिकाणं निवडा आणि स्वतः भेटायला जा. सोबत मुलांचं एक चांगलं काम आणि एक पान असू द्या. छापखान्यासाठी ते पान साधारण असं असेल :

'नववीचे ४० विद्यार्थी, विषय अक्षरलेखन. १० जणांचे चार गट, लागोपाठ चार बुधवार, दुपारी ३ ते ३:४५. प्रत्येक गटासोबत एक शिक्षक आणि एक पालक. मुलं यंत्राला हात लावणार नाहीत. आपल्याकडून हवं : एका कारागिराची ४५ मिनिटं आणि कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या. आमच्याकडून : दर्शनी भागासाठी मुलांनी रेखाटलेला अक्षरफलक, पाचव्या बुधवारी.'

याला हो किंवा नाही म्हणता येतं. नाही आलं तर तिथेच विचारा, 'यातलं काय जमेल, आणि केव्हा?' बऱ्याचदा अडचण फक्त वाराची किंवा वेळेची असते. होकार आला तर दोन दिवसांच्या आत ठरलेल्या तारखा लेखी कळवा. काहीच कळलं नाही तर दहा दिवसांनी एक आठवण करा आणि त्यानंतर पुढच्या सत्रापर्यंत तो विषय सोडा. पिच्छा पुरवून मिळवलेला होकार पहिल्या अडचणीलाच गळतो.

पहिल्या वर्षी एकच भागीदार, फार तर दोन. उपक्रम चालू असताना फोन, परवानग्या, साहित्य आणि हजेरी यांत एका भागीदारामागे तुमचे आठवड्याचे दोन तास जातात असं धरून चाला. सहा भागीदार म्हणजे बारा तास. तेवढे तास २४० मुलं शिकवणाऱ्या शिक्षिकेकडे नसतात.

प्रश्न : एका नाट्यसंस्थेबरोबर मुलांचं नाटक बसवायचं ठरलं. प्रयोग परीक्षेच्या आठवड्यात आला. नेपथ्याचा खर्च कुणी करायचा यावरून वाद झाला. वर संस्थेने तालमीचं चित्रीकरण स्वतःच्या जाहिरातीत वापरलं आणि पालक चिडले. यापुढे वकिलाकडून करार करून घ्यावा का? – एक मुख्याध्यापक

उत्तर : सर, दोन पानांचा समजुतीचा कागद पुरतो. तो साध्या भाषेत हवा आणि काम सुरू होण्याआधी हवा. वकिली भाषेतला करार कोणी वाचत नाही, सही तेवढी करतात.

त्याआधी दोघांची वेळापत्रकं एका टेबलावर ठेवा. परीक्षा आणि त्याआधीचा आठवडा, शाळेच्या सुट्ट्या, संस्थेचे स्वतःचे प्रयोग हे सगळं खोडा. उरलेल्या दिवसांत प्रयोगाची तारीख धरून उलटं मोजत या. २० मुलांचं ४० मिनिटांचं नाटक नीट बसायला दीड-दीड तासाच्या २४ तालमी लागतात. आठवड्याला दोन धरल्या तर बारा आठवडे, आजारपण आणि अडचणींसाठी आणखी दोन. म्हणजे चौदा. तेवढे नसतील तर नाटक छोटं करा, तालमी वाढवू नका. शेवटच्या पंधरवड्यात एक दिवस फक्त प्रकाश आणि ध्वनीसाठी राखा, आणि निदान दोन रंगीत तालमी वेशभूषेसह त्याच रंगमंचावर घ्या. रंगमंच प्रयोगाच्या दिवशीच पहिल्यांदा पाहणारी मुलं एंट्रीला चुकतात आणि त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही.

कागदावर पैशांचा मुद्दा वस्तूनिहाय लिहा : लाकूड कुणी आणायचं, कापड कुणी, रंग कुणी, प्रयोगानंतर नेपथ्य कुणाकडे राहील, मोडतोड झाली तर भरून कुणी द्यायची. रद्द करायचं असेल तर किती दिवस आधी कळवायचं आणि मार्गदर्शक आजारी पडला तर बदली कोण, हेही लिहा. मुलांनी केलेली चित्रं आणि लिहिलेले संवाद मुलांचेच राहतात. भागीदाराला ते ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीपुरते वापरता येतात.

छायाचित्रं आणि चित्रीकरण यांची संमती पालकांकडून चार वेगवेगळ्या चौकटींत घ्या : शाळेच्या आत, भागीदाराच्या वास्तूत, इंटरनेटवर, जाहिरातीत. एकाच 'मान्य आहे' खाली सगळं घातलं की नेमका असा वाद होतो, कारण पालकांच्या मनात शाळेचा फलक असतो आणि संस्थेच्या मनात जाहिरात.

सुरक्षिततेचे नियम मात्र वाटाघाटीत आणू नका. बाहेरची व्यक्ती मुलासोबत एकटी राहणार नाही, तालमीचं दार उघडं राहील, निरोप शाळेच्याच क्रमांकावरून जातील, मुलांचे वैयक्तिक क्रमांक दिले जाणार नाहीत, आणि तुमच्याकडच्या कायद्यानुसार लागणारी पडताळणी पहिल्या तालमीच्या आधी पूर्ण होईल. चांगल्या संस्थेला हे वाचून राग येत नाही, उलट तिच्या माणसांचंही यात संरक्षण आहे.

सह्या दोन्हीकडच्या प्रमुखांच्या घ्या, पण त्याखाली प्रत्यक्ष काम पाहणाऱ्या दोन माणसांची नावं लिहा. अडचण आली की पहिला फोन त्यांनी एकमेकांना करायचा.

प्रश्न : 'उरलेलं साहित्य शाळेला द्या' असं आवाहन केलं आणि कोठीची खोली भरून गेली. अर्धवट रंगाचे डबे, वाळलेले मार्कर, चिंध्या, आणि एका बंद पडलेल्या कार्यशाळेने दिलेली मातीकामाची विजेची भट्टी. नको म्हटलं तर देणारा दुखावतो. काय करावं?

उत्तर : 'उरलेलं द्या' म्हटलं की लोक टाकून द्यायचं तेच देतात. त्यात त्यांची चूक नाही, मागणीच तशी होती. दारावर 'घेतो' आणि 'घेत नाही' अशा दोन याद्या लावा, मापांसकट. घेतो : एका बाजूने कोरे, न भिजलेले, निदान १० सेंटीमीटर रुंदीचे कागद, धुतलेलं सुती कापड, हातरुमालाहून लहान नाही, खिळे काढलेलं लाकूड, निदान ३० सेंटीमीटर लांब, सपाट पुठ्ठा. घेत नाही : लेबल नसलेला कुठलाही डबा, थिनर, स्प्रे, जुने तैलरंग, मातीच्या भांड्यांची जुनी झिलई, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड.

हे कडक वाटेल, पण कारणं तशीच आहेत. जुन्या तैलरंगांत आणि जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि शिशाचा परिणाम वाढत्या मुलांच्या मेंदूवर होतो. औषध मारलेल्या जुन्या लाकडात आर्सेनिक असू शकतं, आणि ते घासलं की भुकटी नाकात जाते. डबा गच्च भरलेला असला तरी लेबल नसेल तर तो परत जाऊ द्या.

घेण्याची वेळ महिन्यातून एकदा, एक तास. मुलांची समिती मोजून घेईल आणि पोच देईल. जागा एक कपाट. भरलं की घेणं बंद. पण सगळ्यांत चांगलं म्हणजे एका ठिकाणाहून एकच वस्तू नियमित घ्यायची. शिंप्याकडून दर महिन्याला एक पिशवी सुती तुकडे येणार हे ठाऊक असेल तर त्यावर धडा आखता येतो. अचानक आलेल्या पोत्यावर आखता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७८ साली सुरू झालेलं 'मटेरियल्स फॉर द आर्ट्स' आणि इटलीतल्या रेज्जो एमिलियामधलं १९९६ सालचं 'रेमिदा' ही केंद्रं उद्योगांकडचं उरलेलं साहित्य शाळांपर्यंत पोचवतात. तिथे आलेला माल निवडून, लावून ठेवला जातो आणि शिक्षक येऊन हवा तेवढाच नेतात. तीन-चार शाळांनी मिळून एक खोली अशी चालवली तर कुणाच्याच कोठीत ढीग साचत नाही.

भट्टीबद्दल नीट विचार करा. फुकट मिळालेली भट्टी ही शाळेतली सगळ्यांत खर्चिक वस्तू ठरू शकते. आधी तिच्या पाटीवरचे आकडे वाचा. ९.२ किलोवॅटची भट्टी २३० व्होल्टवर ४० अँपिअर ओढते. वर्गातलं सॉकेट त्याच्या जवळपासही जात नाही. मुख्य बोर्डापासून वेगळी केबल आणि वेगळा स्विच परवानाधारक वायरमनकडूनच बसवावा लागतो. भोवती निदान ४५ सेंटीमीटर मोकळी जागा, खाली न जळणारी फरशी आणि धूर बाहेर काढणारा पंखा हवा. भट्टी फार जुनी असेल तर आतल्या तक्त्यांत किंवा सोबतच्या हातमोज्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. त्याचे बारीक तंतू श्वासात जाणं घातक असतं, म्हणून ते तक्ते तोडू नका, हातमोजे झटकूही नका, जाणकाराला दाखवा. हे सगळं जमलं तर पहिली भट्टी रिकामी लावा, १००० अंश सेल्सिअसपर्यंत न्या आणि किती तास लागले ते लिहा. ठरलेल्यापेक्षा खूप जास्त वेळ लागला तर आतली तारेची वेटोळी झिजली आहेत. गार व्हायला पूर्ण रात्र जाते, आणि १०० अंशांच्या वर असताना दार उघडलं तर भांडी तडकतात. त्या काळात जबाबदारी घेणारं माणूस शाळेत आहे का?

नसेल तर भट्टी घेऊ नका, आणि चालू भट्टी असलेल्या एखाद्या कुंभारालाच विचारा, 'सत्रातून दोनदा आमची ६० लहान भांडी तुमच्या भट्टीत लावाल का?' मुलांना जाडी एक सेंटीमीटरच्या आत ठेवायला सांगा आणि भांडी पूर्ण वाळू द्या. भांडं फुटतं ते बहुतेक वेळा आत उरलेल्या पाण्याची वाफ झाल्याने. गालाला लावून थंड वाटलं तर ते अजून ओलं आहे, त्याला आणखी आठवडा द्या. आपलं एक फुटलेलं भांडं कुंभाराच्या मालाचंही नुकसान करतं, म्हणून ही तपासणी शाळेतच झाली पाहिजे.

आणि देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? 'हे आम्हाला वापरता येणार नाही, पण अमुक मिळालं तर पुढच्याच महिन्यात मुलं त्यातून काहीतरी करून तुम्हाला दाखवतील.' असं म्हटलं की सहसा कोणी दुखावत नाही.

प्रश्न : वाचनालयाने बाहेरची ९ मीटर लांब, ३ मीटर उंच भिंत चित्रासाठी दिली आहे. त्यांची समिती दर आठवड्याला आराखड्यात बदल सुचवते. शिवाय शेजारच्या एका भिंतीवरचं चित्र एकाच पावसाळ्यात पोपडे सुटून गेलं. तसं होऊ नये म्हणून काय करावं?

उत्तर : पोपडे सुटतात ते बहुतेकदा भिंतीत ओल असते म्हणून. चित्र ठरवण्याआधी भिंत तपासा. ४५ सेंटीमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा, दुसऱ्या दिवशी काढा. आतल्या बाजूला थेंब किंवा भिंतीवर गडद डाग दिसला तर भिंत ओली आहे. तीन-चार ठिकाणी करा, खाली जमिनीलगत एकदा तरी. पांढरी भुकटी फुललेली असेल तर ते पाण्यासोबत बाहेर आलेले क्षार. अशा भिंतीवर किंमती रंग लावूनही उपयोग नाही. गळका पाइप, तुंबलेली पन्हळ, वरून झिरपणारं पाणी आधी थांबवायला हवं, आणि ते काम वाचनालयाचं. समजुतीच्या कागदात तसं लिहा. गिलावा नवा असेल तर २८ दिवस थांबा.

सुटलेला जुना रंग खरवडायचं काम मुलांना देऊ नका. त्यात शिसं असू शकतं. भिंत ओली करून, मोठ्या माणसांनी, मास्क लावून खरवडावी. जमिनीलगतची ३० सेंटीमीटर पट्टी एकाच गडद रंगाची ठेवा. पावसाचे शिंतोडे तिथेच उडतात, आणि सपाट रंगाची डागडुजी कुणालाही करता येते.

रंगाचा हिशेब सोपा आहे. क्षेत्र २७ चौरस मीटर. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर रंगात एका हाताचं साधारण १० चौरस मीटर होतं. प्रायमरचा एक हात म्हणजे ३ लिटर, रंगाचे दोन हात म्हणजे साडेपाच लिटर. भिंत खरबरीत असेल तर दोन्हीत निम्मं आणखी घाला. बाहेरच्या भिंतींसाठीचा अ‍ॅक्रिलिक रंगच घ्या. चमकणारे फ्लुरोसंट रंग उन्हात सगळ्यांत आधी उडतात, गेरू आणि पिवळ्या मातीच्या जातीचे लोहयुक्त रंग सगळ्यांत जास्त टिकतात. भिंतीवर दुपारचं ऊन थेट येत असेल तर चित्राचा मुख्य भार याच रंगांवर ठेवा.

आराखडा एकास दहा प्रमाणात करा, म्हणजे ९० × ३० सेंटीमीटरचा कागद. त्यावर ५ सेंटीमीटरचे चौकोन आखा. भिंतीवर तेच ५० सेंटीमीटरचे होतील : आडवे १८, उभे ६, एकूण १०८. प्रत्येक चौकोनाला क्रमांक द्या. मुलाच्या हातात एका चौकोनाची चिठ्ठी दिली की ज्याला 'मला चित्र येत नाही' वाटतं तोही रेषा बरोबर उतरवतो. भिंतीपाशी एका वेळी १२ पेक्षा जास्त मुलं नकोत. मुलांचे पाय जमिनीवरच राहू द्या. परांचीवरचं काम प्रशिक्षित मोठ्यांचं. वरचा भागही मुलांच्या हातचा हवा असेल तर अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराची पद्धत उपयोगी आहे. तिथल्या १९८४ साली सुरू झालेल्या भित्तिचित्रांच्या उपक्रमात चित्राचे भाग साधारण दीड मीटर चौरसाच्या पातळ, न विणलेल्या पॉलिएस्टर कापडावर घरात बसून रंगवले जातात आणि नंतर अ‍ॅक्रिलिक जेलने भिंतीला चिकटवले जातात. भिंतीपर्यंत येऊ न शकणारी आजारी किंवा वृद्ध माणसंही मग चित्रात सामील होतात.

आता समितीचे बदल. तिला तीन वेळाच विचारा : विषय ठरताना, पेन्सिलीचं रेखाटन झाल्यावर आणि रंगीत नमुना झाल्यावर. दर वेळी तारखेसह सही. रंगीत नमुन्यावर सही झाली की फक्त चूक असेल तर बदल, आवडनिवड म्हणून नाही. समितीच्या वतीने एकच माणूस बोलेल असं ठरवून घ्या. आसपासच्या रहिवाशांचं म्हणणंही विषय ठरतानाच ऐका. त्यांना थेट तयार चित्र दाखवलं तर ते दोषच काढणार.

चर्चेला तीन आठवडे, आराखड्याला दोन, भिंतीच्या तयारीला एक, रंगकामाला तीन. असे नऊ आठवडे हाताशी असतील तरच हो म्हणा. आणि चित्र निदान पाच वर्षं ठेवू, पुसायचं झाल्यास महिनाभर आधी कळवू, हे मालकाकडून लिहून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे येणारे शिल्पकार कामात निष्णात आहेत, पण ४० मुलांसमोर त्यांचा गोंधळ उडतो. अर्धी मुलं दंगा करतात. त्यांना पुन्हा बोलवावं का?

उत्तर : जरूर बोलवा, फक्त वर्ग सांभाळायचं काम त्यांच्याकडून काढून घ्या. ते तुमचं काम आहे, आणि पूर्ण वेळ तुम्ही खोलीत असायला हवं. पाहुणे आले म्हणून कागद तपासायला बसणं किंवा बाहेर जाणं, यानेच निम्मा गोंधळ होतो.

मुलांचे २० चे दोन गट करा. दीड तासातली पहिली दहा मिनिटं शिल्पकार न बोलता काम करून दाखवतील. बोलत-बोलत दाखवलं की मुलं चेहऱ्याकडे बघतात, गप्प काम सुरू झालं की हाताकडे. पुढची पाच मिनिटं प्रश्न, पाऊण तास मुलांचं काम, १५ मिनिटं एकमेकांची कामं बघणं, उरलेली १५ मिनिटं आवराआवर. आवराआवर मुलांनीच, आणि मातीकाम असेल तर ओल्या फडक्याने. कोरडा झाडू मारला तर मातीतली बारीक सिलिका हवेत उडते आणि फुप्फुसात जाते.

चार कलाकारांना एकेकदा आणण्यापेक्षा एकालाच चारदा आणा. पहिली भेट कुतूहलात जाते, दुसरी हत्यार धरायला शिकण्यात, तिसऱ्या भेटीत मुलं स्वतःचं काहीतरी करायला लागतात. पहिल्या दोन भेटींत हात बसलेली पाच मुलं निवडा आणि दुसऱ्या गटात त्यांना मदतनीस करा. होसे अंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ साली व्हेनेझुएलात सुरू केलेल्या 'एल सिस्तेमा' या संगीतशिक्षणाच्या चळवळीत मोठी मुलं लहानांना शिकवतात, आणि ती पद्धत मातीलाही तितकीच लागू पडते. शिल्पकारांना त्यांची एक-दोन फसलेली कामं सोबत आणायला सांगा. कुठे तडा गेला आणि का, हे ऐकताना सगळा वर्ग शांत होतो.

मानधन देताना तयारीचे तासही मोजा. वर्गातल्या एका तासामागे तयारीचा निदान एक तास असतो. ते मानधन नको म्हणत असतील तरी प्रवास आणि साहित्य त्यांच्या खिशातून जाऊ देऊ नका.

प्रश्न : खर्च देणाऱ्या व्यावसायिकाला मुलांच्या प्रत्येक चित्रावर आपलं बोधचिन्ह हवं आहे. द्यावं का?

उत्तर : नाही. चित्र मुलाचं आहे. आभाराचा वेगळा फलक लावा, माहितीपत्रिकेत शेवटच्या पानावर नाव द्या, आणि त्या फलकाचा आकार आधीच सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा.

प्रश्न : रुग्णालयाने त्यांच्या मार्गिकेत ४० चित्रांचं प्रदर्शन मांडायला सांगितलं आहे. भिंत १८ मीटर आहे. मांडणीत काय पाहावं?

उत्तर : आधी मोजा. ए-३ कागद आडवा धरला तर ४२ सेंटीमीटर, भोवतीचा पुठ्ठा धरून ५२. दोन चित्रांत २० सेंटीमीटर मोकळे सोडले तर एका चित्राला ७२ लागतात. १८ मीटरमध्ये २५ चित्रं बसतात. ४० कोंबू नका. दोन हप्त्यांत लावा, मधल्या बदलाच्या निमित्ताने मुलं पुन्हा तिथे जातील.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटीमीटरवर ठेवा. खिळ्याची उंची काढायची रीत अशी : १४५ मध्ये चौकटीच्या उंचीचा निम्मा भाग मिळवा, आणि चौकटीमागची टांगायची दोरी ताणल्यावर वरच्या कडेपासून जितकी खाली राहते तेवढे वजा करा. चौकट ४० सेंटीमीटर, दोरी ६ सेंटीमीटर खाली, तर १४५ + २० – ६ म्हणजे १५९. एकाऐवजी दोन खिळे मारा, म्हणजे ढकलगाडी घासून गेली तरी चित्र तिरकं होत नाही. काच नको, अ‍ॅक्रिलिकचा पत्रा वापरा. चाकाच्या खुर्चीतून बघणारे जास्त असतील अशा भागात मध्य १० सेंटीमीटर खाली घ्या.

जलरंगांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासचा मंद प्रकाश पुरतो. थेट उन्हात ते महिन्याभरात फिके दिसू शकतात, म्हणून खिडकीसमोरची भिंत नाकारा. नावपट्टीवर मुलाचं फक्त पहिलं नाव आणि इयत्ता लिहा. चित्रं लावण्याआधी सगळी तिथल्या परिचारिकांना दाखवा. रोज चिंतेतल्या माणसांबरोबर असणाऱ्या त्या बायकांना कुठलं चित्र कुणाला खुपेल ते आपल्यापेक्षा आधी कळतं. सोपवताना आणि परत घेताना क्रमांकवार यादीवर दोघांच्या सह्या घ्या. हरवलेल्या एका चित्रामुळे त्या मुलाचा सगळ्या उपक्रमावरचा विश्वास जातो.

प्रश्न : आमच्या कलाशिक्षकांनी उभी केलेली सगळी जोडणी त्यांची बदली होताच विस्कटली. असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल?

उत्तर : सगळे फोन त्यांच्याच मोबाइलमध्ये होते, हे बहुधा कारण असेल. प्रत्येक भागीदारासाठी एक पान आणि सगळ्यांची मिळून एक जाड फाइल शाळेच्या कपाटात ठेवा. पानावर निर्णय घेणारं माणूस, त्यांची निवांत वेळ, काय ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, काय बिनसलं. ठरलेल्या आठ भेटींपैकी पाचच झाल्या असतील तर पाच लिहा, आणि तीन का हुकल्या तेही. मागे संमतिपत्रं आणि समजुतीचा कागद. दर सत्राच्या शेवटी भागीदाराला दोनच प्रश्न विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा : यातलं काय पुन्हा करायला आवडेल, आणि काय अजिबात नको?

सुरुवातीपासून प्रत्येक भेटीला दुसऱ्या विषयाचा एक शिक्षक सोबत न्या. भाषा किंवा विज्ञान, काहीही चालेल. मुलांच्या समितीत आठवी, नववी आणि दहावी तिन्हींची मुलं घ्या. फक्त दहावीची घेतलीत तर वर्ष संपताच समिती संपते. बदलीचा आदेश आला की जाणाऱ्या शिक्षकांनी नव्या शिक्षकांना घेऊन प्रत्येक भागीदाराकडे एकदा जायचं. नवे शिक्षक अजून रुजू झालेले नसतील तर त्या दुसऱ्या शिक्षकाला घेऊन. जाताना फाइलमधलं ते पान भागीदाराला दाखवा आणि पुढच्या भेटीची तारीख तिथेच बसून त्यावर लिहा.